रुळाच्या कडेचा माणूस

तात्या, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. आज माझा रेस्टचा दिवस. मुलगी शाळेत गेली, हे दुकानावर गेले, कुकर उतरवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार्जशीट पसरून बसले. चार पानं आहेत. त्याचं उत्तर उद्या सकाळी दहाच्या आत द्यायचं आहे आणि उत्तराचा कागद अजून कोरा आहे, कारण पेन हातात घेतलं की ऑफिसच्या साहेबांच्या आधी तुम्हीच डोळ्यांपुढे येता. जेवताना मान खाली घालून, भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता बोलणारे तुम्ही. तेव्हा म्हटलं, आधी तुमच्यावरचा राग कागदावर उतरवावा, मग त्यांचं बघू. तुम्ही असतात तर हे तोंडावर बोलायची माझी टाप नव्हती, हेही खरं.

तुमची एकेरी लाइन आता दुहेरी झाली. डिझेलचा धूर गेला, वर तार आली. ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात. पगार बरा मिळतो, पण गाडीवर बाईमाणसाने दहा तास पाणी न पिता कसे काढायचे याचं उत्तर अजून कुणाकडे नाही, आणि विषय काढला की सगळे खिडकीबाहेर बघायला लागतात. तुम्ही गेलात तेव्हा मी असिस्टंट होते. आता ब्रेकचा दांडा माझ्या हातात असतो. गेल्या महिन्यात भरदुपारी रिकामी मालगाडी घेऊन साताऱ्याकडून मिरजेला येत होते. ताकारी मागे टाकलं होतं. दोन्ही बाजूंना ऊस, निम्मा तुटलेला, निम्मा उभा. रुळाला लागून पाटाचा कच्चा रस्ता, त्यावरून उसाचे ट्रॅक्टर दिवसभर धूळ उडवत जात असतात. रोजचं दृश्य, त्यामुळे मी ते बघतही नव्हते. मी समोर बघत होते, तुम्ही शिकवलं तसं.

बघितलं ते माझ्या असिस्टंटने. तो म्हसवडकडचा, तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. घरची मेंढरं आहेत. थोरला भाऊ अजूनही दर वर्षी ऊस तुटला की कळप घेऊन कृष्णाकाठच्या रानात येतो. त्यामुळे हा इंजिनात उभा असला तरी याची निम्मी नजर रानात असते. मी त्याला त्यावरून पुष्कळदा टोकलं आहे. त्या दिवशी तो एकदम म्हणाला, "डावीकडं ट्रॅक्टर पलटी. माणूस खाली हाय." ओरडला नाही. सिग्नल पुकारतो त्याच आवाजात, त्याच चालीत म्हणाला, हातही सिग्नलकडे करतो तसाच लांब केला. आणि मीही सवयीने, दांड्यावरचा हात न हलवता, तेच त्याच आवाजात परत म्हटलं, "डावीकडं ट्रॅक्टर पलटी, माणूस खाली." म्हणून झालं आणि मगच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला.

ही पुकारायची रीत तुमच्या काळातही अशीच होती. असिस्टंटने सिग्नल बघून मोठ्याने पुकारायचा, ड्रायव्हरने स्वतः बघून तोच मोठ्याने परत म्हणायचा. दोघांच्या तोंडून निघाला की तो सिग्नल बघितला असं धरायचं. मी नोकरीला लागले त्या दिवशी तुम्ही मला ना पेढा दिलात ना आशीर्वाद. दारात चपला घालत होते तर एवढंच म्हणालात, "मोठ्यानं पुकार. पोटातल्या पोटात म्हनलं तर ते बगितलं न्हाई, आसं समज." तेव्हा मला राग आला होता, की बाप म्हणून हा माणूस दुसरं काहीच कसं बोलत नाही. पण ते वाक्य हाडात जाऊन बसलं. ट्रॅक्टर दोघांच्या तोंडून निघाला होता. आता तो मी बघितलाच नाही असं कसं म्हणणार? मी ब्रेक टाकला.

गाडी रिकामी होती म्हणून लवकर थांबली, तरी इंजिन दोन-तीनशे पावलं पुढे गेलंच. आणि मग आम्ही जे केलं ते आठवलं की मला अजून स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. आम्ही धावलो नाही. गाडी उभी राहिली की पहिल्यांदा चाकाखाली लाकडी गुटके लावायचे, उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून, हे हातांना इतकं पाठ झालं आहे की असिस्टंट खाली उतरला तो गुटके घेऊनच. दोन्ही गुटके चाकाला घट्ट बसवले, लाथ मारून तपासले, मी वरून बघून "लावले" असं म्हटलं, मागच्या गार्डना वॉकीटॉकीवर सांगितलं, पुढच्या स्टेशनला सांगितलं. गार्ड म्हणाले, "मागचं मी सांभाळतो, तुम्ही बघा." भला माणूस. एवढं सगळं रीतसर झालं आणि मग आम्ही पळत सुटलो. जवळ जाऊन बघतो तर ट्रॅक्टर कुशीवर पडलेला, मडगार्डच्या खाली माणसाचा पाय मांडीपर्यंत, आणि ट्रॅक्टर ओल्या मातीत हळूहळू आणखी बसत चाललेला. त्याच्याखाली सरकवायला काहीतरी टणक पाहिजे होतं आणि आम्ही ते नुकतंच इतक्या काळजीने गाडीच्या चाकाखाली ठोकून आलो होतो. असिस्टंट पुन्हा पळत गेला, गुटके उपसले आणि दोन बगलांत दोन घेऊन परत आला. यात चार-पाच मिनिटं गेली, तात्या. रीतसर वागण्यात गेली.

ट्रॅक्टर चालवणारा पोरगेलासा गडी, कडेगावकडचा. त्याची बायको मागच्या ट्रॉलीवर बसून होती, ती उडी मारून वाचली. तिनेच पदर हलवून हलवून आमची गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता. आम्हाला बघून ती माझ्या दंडालाच धरून म्हणाली, "आवं ताई, वडा की त्येला. वडा." असिस्टंट म्हणाला, "वडायचं न्हाई वैनी. पाय जाईल. आदी वर उचलू." ट्रॉलीच्या कडेची लोखंडी पहार त्याने उपसली. मी आणि त्या बाईने पहारेवर भार द्यायचा, ट्रॅक्टर बोटभर उचलला की त्याने गुटका आत सरकवायचा, परत भार द्यायचा, परत सरकवायचा. आयुष्यात मी इतका जोर कशालाच लावला नसेल. आणि हे चाललेलं असताना तो गडी, चेहरा राखेसारखा पडलेला, माझ्या अंगावरचा रेल्वेचा शर्ट बघून काय म्हणाला असेल? म्हणाला, "तुमी गाडी थांबवली व्हय माज्यापायी? आता तुमाला बोलत्याल."

पाय मोडलेल्या माणसाला जे कळलं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, मिनिटं जास्त झाली म्हणून विचारतील, मी सांगेन, विषय मिटेल.

पाय सुटला. पण रस्त्याने ॲम्ब्युलन्स यायला वेळ होता, पाटाच्या कच्च्या रस्त्यावर लांब फाट्यापाशी उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. गार्डचा डबा अर्धा किलोमीटर मागे. तेव्हा आम्ही त्याला ट्रॉलीवरच्या गोणपाटात घालून इंजिनपर्यंत आणला आणि आत घेतला. बायकोलाही घेतलं. पुढच्या स्टेशनला ॲम्ब्युलन्स उभी होती, तिथून तो मिरजेच्या दवाखान्यात गेला. पायात रॉड घातला आहे, काठी घेऊन चालतो. मागच्या आठवड्यात त्याची बायको गुळाची ढेप घेऊन आमच्या लॉबीपाशी, म्हणजे आम्ही हजेरी लावून गाडी घेतो तिथे, आली होती. तिला आत सोडलं नाही. गेटवरच असिस्टंटच्या हातात ढेप देऊन गेली. तिची अर्धी ढेप आत्ता माझ्या फडताळात आहे. गुटके मात्र मागेच राहिले. ट्रॅक्टर त्यांच्यावर टेकलेला होता, ते काढले असते तर तो परत कलंडला असता. आम्ही गुटके सोडून गाडी घेऊन आलो.

आता चार्जशीट ऐका. पहिला आरोप, कारण नसताना गाडी मध्येच थांबवली आणि मागच्या दोन गाड्या अडकवल्या. कारण नसताना. दुसरा आरोप, दोघांनीही एकाच वेळी इंजिन सोडलं. तिसरा, इंजिनात बिगर-परवाना व्यक्ती घेतल्या. आणि चौथा, तात्या, चौथा वाचून मी हसले आणि मग हातातला पेला आदळला: लाकडी गुटके नग दोन, हरवले, निष्काळजीपणा. हरवले नाहीत हो साहेब, ते कुठे आहेत ते मला नेमकं माहीत आहे. एका माणसाची मांडी जिथे होती तिथे आहेत. रुळावर माणूस असला तर काय करायचं ते नियमांच्या पुस्तकात आहे. रुळाच्या कडेला हातभर अंतरावर माणूस मरत असला तर पुढच्या स्टेशनला कळवायचं, एवढंच आहे. निदान मला तरी त्याहून जास्त काही सापडलं नाही. म्हणजे त्या गड्याने जरा सरकून रुळावर पडायला हवं होतं, मग माझं थांबणं कायदेशीर झालं असतं.

यावर कळस म्हणजे याच आठवड्यात महिला दिन आला. त्याच ऑफिसने मला मंचावर बोलावून शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि एका साहेबांनी भाषणात सांगितलं की स्त्री इंजिनात आली की माणुसकीही इंजिनात येते. टाळ्या वाजल्या. खाली उतरले तर दुसऱ्या एका साहेबांनी बाजूला घेतलं. वयाने मोठे, मला मुलीसारखं मानतात, तुमचं नाव घेतात. म्हणाले, "मॅडम, फार गुंतागुंत करू नका. दोन ओळी लिहा. मी इंजिनातच होते, असिस्टंट मला न विचारता खाली उतरला आणि गुटके घेऊन गेला. तुम्हाला समज देऊन सोडतील." मी विचारलं, त्याचं काय? ते म्हणाले, "त्याचं प्रमोशन दोन-तीन वर्षं मागे जाईल. तरुण आहे, मिळेल पुढे." शाल माझ्या खांद्यावरच होती. ती तिथेच घडी घालून त्यांच्या टेबलावर ठेवायचं मनात आलं, पण ठेवली नाही. घरी आणली. कपाटात आहे.

असिस्टंटला मी हे सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी लॉबीत भिंतींनाही कळतात. दुसऱ्या दिवशी गाडी मिळायची वाट बघत बसलो होतो तर तोच म्हणाला, "म्याडम, माज्या नावावर घाला. तुमची नोकरी मोटी हाय. मला काय, माजी मेंढरं हाईत आजून." आणि हसला. मी त्याला झाडलं. म्हटलं, मेंढरं हाकायची असती तर पाच वर्षं रात्रंदिवस झोप मोडून कशाला घेतलीस? त्याच्या घरी त्याने आईला सांगून ठेवलं आहे की या दिवाळीपर्यंत तो स्वतःच्या हाताने गाडी चालवेल. म्हातारी घरून फलटणला येऊन तिथून गाडीत बसणार आहे, लेकाची गाडी नसली तरी कुठलीही, म्हणते, आत बसून बघते तरी. हे सगळं मी त्या दोन ओळी लिहिल्या तर जाणार. आणि म्हणून कागद कोरा आहे.

आता तुमच्याकडे येते. तुम्हाला आठवतं का, मी पाचवीत होते. आई आणि मी कोरेगावहून, तिच्या माहेराहून, मिरजेला परत येत होतो आणि त्या पॅसेंजरला ड्रायव्हर तुम्ही होतात. मी हट्ट करून इंजिनाच्या मागच्याच डब्यात खिडकीशी बसले होते. समोरच्या बाईला तीनदा सांगितलं होतं की गाडी माझे वडील चालवतात. एका वळणावर, विटांच्या भट्टीपाशी, मी बघितलं. एक बाई रुळाच्या अगदी जवळ येऊन दोन्ही हातांनी लुगड्याचा पदर हलवत होती. तिच्या मागे घोंगड्यावर माणूस आडवा पडलेला, आणि एक म्हातारा त्याच्या पायाला वर दोरी आवळत होता. सगळा डबा म्हणाला, पान लागलं वाटतं त्याला, साप. तुम्ही शिट्टी दिलीत. लांब, मोठी शिट्टी. मला वाटलं, आता थांबणार. मी आईला म्हटलंसुद्धा, तात्या थांबवतायत बघ. ती बाई गाडीबरोबर धावायला लागली. मग ती मागे गेली. शिट्टी तिला बाजूला हो म्हणून होती.

आपली गाडी मिरजेला चालली होती, तात्या. मिरजेला. जिथे सगळ्या मुलखातून माणसं मरता मरता येतात आणि चालत परत जातात. तासाभराची वाट. डब्यात जागाही होती, मी माझा पाय वर घेतला असता तरी झाली असती. पुढच्या स्टेशनला तुम्ही चिठ्ठी दिलीत, अमुक किलोमीटरला सर्पदंश, एवढं लिहून. ती चिठ्ठी स्टेशन मास्तरांनी घेतली, कुणाला तरी दिली, त्या कुणीतरी आणखी कुणाला. मला हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझ्या वडिलांनी बघितलं आणि थांबवलं नाही, आणि समोरची बाई माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं. रेल्वे क्वार्टरचं ते स्वयंपाकघर, पितळी पातेली, आई चुलीपुढे पाठमोरी. मी म्हटलं, तात्या, का नाही थांबलात? तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि मान वर न करता म्हणालात, "डायवरनं म्होरं बगायचं. बाजूला बगतो त्यो डायवर न्हवं, पाशिंजर." मी म्हटलं, पण तो माणूस... तर म्हणालात, "तुला आक्कल किती, बोलतीस किती." आईने माझ्या पाठीत धपाटा घातला, तुमच्या समाधानासाठी. तुम्ही हात धुवून उठलात. ताटात अर्धी भाकरी तशीच होती, हे मी बघितलं होतं आणि त्यावरून पुढे कित्येक वर्षं मी तुम्हाला माफ करत राहिले. अर्ध्या भाकरीवर.

तुमच्या दहाव्याला तुमचा जुना असिस्टंट आला होता. म्हातारा झाला होता, मोतीबिंदू झालेला. ओट्यावर बसून चहा पिता पिता त्याने आपण होऊन तो दिवस काढला. त्याला वाटलं, मला माहीत असेल. म्हणाला, "त्या दिवशी मी पुकारलं हुतं. बाई हात करतीया, माणूस पडलाय. तुज्या बाऽनं परत म्हनलंच न्हाई. म्होरं बगत बसला. मी परत पुकारलं. तवाबी न्हाई." मी विचारलं, त्या माणसाचं काय झालं? तो म्हणाला, "दिवस मावळायच्या आत गेला. तुज्या बाऽला म्हाईत हुतं. रूळ तपासनाऱ्या गँगवाल्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं." तो चहा मला गेला नाही. वेळेवर गाडी चालवल्याबद्दल तुम्हाला मिळालेलं प्रशस्तिपत्रक तिथेच भिंतीवर होतं, काच पुसलेली.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एकेरी लाइन होती. पुढच्या स्टेशनला समोरून येणारी गाडी तुमच्यासाठी खोळंबून उभी होती. तुमच्या वरचे साहेब माझ्या साहेबांपेक्षा कडक होते, आणि मोबाइल नव्हते, वॉकीटॉकी नव्हते. आणि तुम्ही घाबरत होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही नियम पाळणारे नव्हता, तात्या, तुम्ही घाबरणारे होता, आणि त्या भीतीला तुम्ही नियम म्हणालात, आणि मला, अकरा वर्षांच्या पोरीला, तो नियम म्हणून पाजलात. कळतं, पण मान्य नाही. एका माणसाने दोनदा पुकारलं आणि तुम्ही परत म्हटलं नाही. तुमच्या ओठांवर कुणी हात ठेवला होता? तुम्ही म्हटलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून म्हटलं नाही. याचा मला इतका संताप येतो की तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला ताटावरून उठू दिलं नसतं.

इथपर्यंत लिहून मी उठले. भाजी फोडणीला टाकली, आणि परत येऊन हे बाजूला सारून आधी उत्तराचा कागद ओढला. एका दमात लिहिलं. गाडी मी थांबवली. कारण होतं, ते डोळ्यांसमोर होतं. असिस्टंट माझ्या सांगण्यावरून उतरला, गुटके माझ्या सांगण्यावरून काढले, जखमी माणसाला आत घ्यायचा निर्णय माझा. दोन्ही गुटके हरवलेले नाहीत, वापरलेले आहेत. पुन्हा असं दिसलं तर पुन्हा थांबवेन. हे शेवटचं वाक्य लिहायला कुणी सांगितलं नव्हतं, ते माझं मीच घातलं. पगारवाढ थांबेल, कदाचित काही महिने खालच्या जागी बसवतील. बसवू देत. असिस्टंटच्या नावावर डाग नको. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मी ती गुळाची ढेप काढून एक खडा तोंडात टाकला.

मग चार्जशीटचं मागचं पान उलटलं. तिथे छापील प्रश्न असतात, हो-नाही लिहायचे. सेवेला किती वर्षं झाली, डोळ्यांची शेवटची तपासणी कधी, वगैरे. सातवा प्रश्न असा आहे: यापूर्वी मार्गालगत असा प्रसंग आपल्या दृष्टीस पडला आहे काय? पडला असल्यास कोणती कार्यवाही केली?

तात्या, हे पत्र कुठे पाठवायचं म्हटलं तरी पत्ता नाही, म्हणूनच हे लिहिता येतं आहे. दोन वर्षांपूर्वी, गाडी नुकतीच माझ्या ताब्यात मिळाली होती तेव्हाची गोष्ट. रहिमतपूरच्या अलीकडे, सकाळी नऊच्या सुमाराला. भरलेली मालगाडी चढावर होती, जेमतेम ओढत होती. थांबवली असती तर परत उचलली नसती, मागून दुसरं इंजिन मागवावं लागलं असतं आणि नवी बाई गाडी चढवू शकली नाही अशी लॉबीभर चर्चा झाली असती. खडीच्या ढिगाजवळ एक म्हातारी कुशीवर पडलेली होती. हिरवं लुगडं. शेजारी पाटी उपडी. मला वाटलं झोपली असेल, मग तिने हात वर केला. इंजिनाकडे बघून केला. गाडी इतकी सावकाश चालली होती की मला तिच्या हातातल्या बांगड्या दिसल्या. तेव्हाचा असिस्टंट दुसरा होता, आता बदली होऊन गेला. तो खाली वाकून पिशवीतून पाण्याची बाटली काढत होता. मी तोंड उघडलं. मी पुकारलं असतं तर त्याने बघितलं असतं, परत म्हटलं असतं. मी तोंड मिटलं. पुढच्या स्टेशनलाही कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर दिसलं होतं असं झालं असतं. ती कोण होती, पुढे तिचं काय झालं, मी आजपर्यंत कुणाला विचारलं नाही. पाणी पिऊन झाल्यावर असिस्टंट सरळ झाला, माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हुतं का म्याडम?" मी म्हटलं, "काही नाही." आज सातव्या प्रश्नापुढे मी तेच लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे.